जळालं ते काय, आणि उरलं ते काय?

॥ श्री सद्गुरवे नमः ॥



मागच्या सत्संगात एका ताईंनी प्रश्न विचारला होता. वस्तू गेली म्हणून रडू येतं, ही आसक्तीच ना? मग साधकाने रडूच नये का? त्या दिवशी वेळ संपली आणि उत्तर राहून गेलं. आम्हाला मात्र तो प्रश्न सोडेना, कारण याच बाबतीत आमच्या हातून एक चूक झालेली आहे. ती आधी सांगतो.

२०२५ची महाशिवरात्र सुरतकर विसरणार नाहीत. आदल्या दिवशी, २५ फेब्रुवारीला, रिंग रोडवरच्या शिवशक्ती टेक्सटाइल मार्केटच्या तळघरात आग लागली आणि त्यात एक माणूस गेला. आग विझली असं वाटत असतानाच महाशिवरात्रीच्या सकाळी ती पुन्हा भडकली. शेकडो दुकानं तिच्यात सापडली. आपण उपासाची तयारी करत होतो आणि तिकडे लोकांची आयुष्यभराची कमाई जळत होती.

आमच्या ओळखीच्या एका काकांचं तिथे साड्यांचं दुकान होतं. आम्ही चौघीजणी भेटायला गेलो. काका म्हणाले, "माल परत भरता येईल हो. पण माझ्या नमुन्यांच्या वह्या गेल्या." बत्तीस वर्षं दुकानात आलेल्या प्रत्येक नव्या डिझाईनचा वीतभर तुकडा कापून ते वहीत चिकटवत. खाली तारीख आणि छापणाऱ्या कारागिराचं नाव. बाजारात त्याला काडीची किंमत नाही, त्यामुळे विमाही नाही. एवढं बोलून त्यांचे डोळे भरून आले.

आणि आम्ही काय बोललो? "काका, सगळी माया आहे. हा देह तरी कुठे आपला? जीव वाचला हेच खूप." काकांनी हात जोडले आणि ते आत निघून गेले. काकू दारापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "रागावले नाहीत हो ते. पण आता आठ दिवस कुणाशी बोलायचे नाहीत."

घरी येताना आम्हीही गप्पच होतो. बोललो त्यात खोटं काहीच नव्हतं. सरथाण्याच्या तक्षशिला इमारतीत मे २०१९मध्ये २२ कोवळे जीव गेले, ते या शहराने पाहिलंय. त्यापुढे कापडाचे तुकडे काय? पण मोठ्या दुःखाचं माप काढून लहान दुःख मोजलं, तर लहान दुःख नाहीसं होत नाही. ते फक्त मुकं होतं.

जनकराजाची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मिथिला जळत असली तरी त्यात माझं काही जळत नाही, असं तो म्हणाला. केवढं वैराग्य! पण तो हे स्वतःच्या मिथिलेबद्दल म्हणाला, हे आपण विसरतो. शेजाऱ्याचं घर पेटलेलं असताना त्याच्या अंगणात जाऊन नाही म्हणाला. वैराग्य हे स्वतः घ्यायचं औषध आहे. दुसऱ्याच्या तोंडात बळेच ओतलं की ते औषध राहत नाही.

आता आपले तुकोबा पाहा. दुष्काळानंतर लोकांच्या कर्जाची कागदपत्रं त्यांनी आपण होऊन इंद्रायणीत सोडून दिली. भावाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची बुडवली. मागे वळून पाहिलं नाही. पण त्याच इंद्रायणीत जेव्हा अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या, तेव्हा ते तेरा दिवस अन्नपाण्याविना काठावर बसून राहिले, अशी कथा आपण कीर्तनात ऐकत आलोय. माणूस तोच आणि नदीही तीच. मग पहिल्या वेळी विरक्त होते आणि दुसऱ्या वेळी आसक्त झाले, असं म्हणायची आपली छाती होईल का?

आम्हाला यातून असं कळलं की नुसत्या अश्रूंवरून आसक्ती ओळखता येत नाही. कर्जाचे कागद म्हणजे दुसऱ्याच्या गळ्यातला फास होता. अभंगांच्या वहीत विठ्ठलाशी झालेला वर्षानुवर्षांचा संवाद होता. ज्यात आपण प्रेम घातलं ते गेलं तर मन दुखणारच, तो काही दोष नव्हे.

मग आसक्ती ओळखायची कशी? आमच्या मते ती वस्तू जाण्याआधीच ओळखू येते. त्याचंही उदाहरण आपल्या सुरतेतच आहे. २४ एप्रिल १८३७ला मच्छलीपीठात एका घरी उकळतं डांबर सांडून आग लागली. शेजारच्या बाईंनी आपल्या विहिरीचं पाणी घेऊ दिलं नाही, असं सांगतात. घरं लाकडी, एकमेकांना चिकटलेली, त्यात वारा सुटला. नऊ हजारांहून जास्त घरं गेली. विहीर आपली म्हणून राखली आणि गाव गेलं! वस्तूमुळे आपली मूठ आवळली गेली की समजावं, आसक्ती आली. काकांच्या वह्यांचं तसं नव्हतं. धंदा शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला ते त्या उघडून दाखवायचे.

एक सावधानीही सांगावीशी वाटते. सगळं नाशिवंत आहे म्हणून जपायचंच नाही, ही अनासक्ती नव्हे, बेफिकिरी आहे. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ जुन्या मोटारसायकलींचं मोठं संग्रहालय आहे. सप्टेंबर २००३मध्ये तिथे आग लागून साडेतीनशेहून जास्त दुर्मिळ गाड्या जळाल्या. कारण काय, तर नीट न विझवलेलं सिगारेटचं थोटूक. पण लोक खचले नाहीत. पुढच्याच वर्षी ते पुन्हा उघडलं. म्हणून घरातली वायरिंग तपासणं, दुकानात आग विझवायचं सिलिंडर भरलेलं ठेवणं, देवापुढे समई तेवत ठेवून घराला कुलूप न लावणं, हीसुद्धा साधनाच आहे.

महिन्याभराने आम्ही काकांकडे पुन्हा गेलो. या वेळी उपदेश घरी ठेवला आणि डबा नेला. एवढंच विचारलं, "काका, वहीतला पहिला तुकडा कुठला होता हो?" ते दीड तास बोलत होते. आमच्यातल्या एकीने त्यांच्याच दुकानातली वीस वर्षांपूर्वीची साडी नेली होती. तिचा काठ पाहून त्यांनी छापणाऱ्याचं नाव सांगितलं. ती म्हणाली, "काका, यातला तुकडा कापून घ्या, नव्या वहीची सुरुवात करा." काकांनी साडीवरून हात फिरवला, नीट घडी घातली आणि तिच्या हातात परत दिली. म्हणाले, "कापू नका ताई. नेसा."

माया म्हणजे काय हे त्यांना शिकवायला आम्ही गेलो होतो!

या आठवड्याचा संकल्प असा. ओळखीत कुणाचं काही गेलं असेल, वस्तू असो, घर असो, नोकरी असो, त्यांच्याकडे जाऊन बसूया. आधी ऐकूया. आणि रात्री जेवताना घरातल्या सगळ्यांनी, मुलांनीसुद्धा, एकमेकांना विचारूया, की अशी कुठली वस्तू आहे जिच्यामुळे माझी मूठ आवळली जाते?

॥ सद्गुरुचरणी अर्पण ॥