प्रकाशाची साक्ष

जबलपूरला १८२८ साली स्लीमन यांना सापडलेली हाडे प्रत्यक्ष हातात होती. तरी त्यांना ‘टायटनोसॉरस’ हे नाव मिळायला १८७७ साल उजाडले. मग पंचवीस लाख प्रकाशवर्षे दूर असलेल्या देवयानी दीर्घिकेतील तारकागुच्छाचे वय ठरवायचे कसे? तेथून येतो केवळ प्रकाश. गुच्छ तांबूस दिसतो तो वार्धक्याने की जड मूलद्रव्यांच्या आधिक्याने, हे नुसत्या रंगावरून कळत नाही. म्हणून वर्णपटातील हायड्रोजनच्या आणि लोहाच्या रेषांची स्वतंत्र साक्ष काढावी लागते. माणसाचा कडवटपणा जन्मजात की सोसलेल्या वर्षांचा, याचा निवाडा मात्र आपण एकाच रंगावरून करतो. तो चुकला तर तारकागुच्छाचे काही बिघडत नाही. माणसाचे आयुष्य बिघडते.