गोडी आणि प्रामाण्य

झालेले ज्ञान खरे आहे हे ते ज्ञानच सांगते, की बाहेरून ताडून पाहावे लागते? मीमांसक म्हणतात, बाधा दिसेपर्यंत ते खरेच धरा. नैयायिक म्हणतात, पाणी वाटले ना, मग पिऊन पाहा. तहान भागली तर पाणी. स्वतःप्रामाण्य-परतःप्रामाण्याचा हा वाद पंडिती वाटतो खरा, पण औषधाच्या बाटलीपाशी आणला की अंगावर येतो. 1986 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले 14 रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे कारखान्यात वापरायचे रसायन होते. तेही ग्लिसरीनसारखेच पारदर्शक, दाटसर आणि चवीला गोड. डोळा आणि जीभ, दोन्ही साक्षीदार फितूर! नैयायिकांची फळाची कसोटीही इथे लंगडी पडते. फळ कळेपर्यंत मूत्रपिंडे निकामी झालेली असतात. पिऊन पाहणे हीच तर दुर्घटना.

म्हणून प्रयोगशाळा. गॅस क्रोमॅटोग्राफच्या लांबलचक, बारीक नळीतून नमुन्याची वाफ सोडली की प्रत्येक घटक आपापल्या वेळेला बाहेर पडतो. ग्लायकॉल आधी, ग्लिसरीन मागून. आलेखावर दोन वेगळी शिखरे उमटतात. यावर मीमांसक विचारणारच, यंत्राची परीक्षा कोणी केली? प्रमाणित नमुन्याने. आणि त्या नमुन्याची? ही अनवस्था खरी आहे, कुठेतरी थांबावेच लागते. पण जिथे तारीख आहे, सही आहे, चुकले तर कोणाला धरायचे ते ठरलेले आहे, तिथे थांबणे वेगळे आणि लेबलापाशी थांबणे वेगळे. दुसरा आक्षेप मला जास्त जड वाटतो. तपासलेला थेंब रुग्ण पीत नाही आणि प्यायलेला थेंब कोणी तपासलेला नसतो. शितावरून भाताची परीक्षा होते, पण भात एकाच पातेल्यातला असेल तरच. बनावट औषधाची लबाडी नेमकी पातेल्यापाशी असते: बॅच क्रमांक अनेकदा अस्सल औषधाचाच छापलेला, माल मात्र दुसऱ्याच चुलीवरचा. याला उत्तर तर्काचे नाही, कष्टाचे आहे. प्रत्येक पिंपातून वेगळा नमुना घ्यायचा.

तपासणी म्हणजे अविश्वास, हे मात्र मला पटत नाही. रुग्णाने खुशाल मीमांसक राहावे. खाटेवर पडलेल्याला दुसरे जमणारही नाही. त्याच्यासाठी नैयायिक व्हायचे ते औषध पुरवणाऱ्याने. न्यायसूत्रांत वेदाच्या प्रामाण्याला दाखला दिला आहे तो आयुर्वेदाचा, आणि आधार आप्ताचा. आप्त म्हणजे विषय जाणणारा आणि जाणला तसा सांगणारा. न तपासता 'शुद्ध' असा शिक्का मारणाऱ्याचा माल कदाचित खराही निघेल. तरी तो आप्त नव्हे.