उघडे दार, उंच उंबरठा

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ ही म्हण आपल्या आज्यापणज्यांनी फुकट मिळालेल्या वस्तूची खोड काढणाऱ्यांसाठी घडवली. म्हण शहाणपणाची आहे, यात शंका नाही. पण समजा, देणाऱ्याने गाय दिली आणि वर ‘गोठा आपण सारे मिळून सांभाळू, तुम्हीही या’ असे आवतणही दिले, तर? मग त्या गोठ्याचा उंबरठा केवढा आहे, हे विचारण्याचा अधिकार पाहुण्याला पोचतो की नाही? प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु गेली काही वर्षे तो माझ्या मनात घर करून बसला आहे.

ही गाय कोणती, ते आधी सांगितले पाहिजे. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी एक घोषणा केली. संगणकाला द्यावयाच्या आज्ञांचे बाड कुलपात ठेवू नये. ते कुणीही वाचावे, सुधारावे आणि दुसऱ्यास द्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९९१ मध्ये फिनलंडमधील लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ जगापुढे ठेवले. आज आपल्या घरातील अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स असते. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडिया याच कुळातला. या साऱ्या पसाऱ्यात पगारी माणसे पुष्कळ आहेत. तथापि मराठीसारख्या भाषांचे बरेचसे काम हौशी माणसांनी फावल्या वेळात, कवडीही न घेता केले आहे. त्यांचे उपकार मानावे तेवढे थोडेच.

आता माझ्याकडची गोष्ट. मी माळशिरसचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकपुरते, आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. संगणकावर लिहू लागलो तेव्हा शुद्धलेखन तपासणाऱ्या सोयीने माझ्या ‘पाभर’, ‘कोळपणी’, ‘कडवळ’ या शब्दांखाली तांबडी रेघ ओढली. यंत्राच्या लेखी हे शब्द चुकीचे! ज्या सूचीवरून ते यंत्र चालत होते ती स्वयंसेवकांनी केलेली होती आणि तीत कुणीही भर घालावी, असे आवतण होते. मला आनंद झाला. वर्गातल्या मुलामुलींना मी आपापल्या आजीआजोबांकडून शब्द गोळा करून आणायला सांगितले. चारएकशे शब्दांची वही भरली.

वही भरली खरी, पण ती द्यायची कशी? उत्तर आले ते सभ्य होते आणि इंग्रजीत होते. ‘गिट’ नावाच्या साधनाने साऱ्या बाडाची नक्कल उतरवून घ्या, तिची एक फांदी काढा, फांदीवर बदल नोंदवा आणि तो मूळ बाडात मिळवून घेण्याची विनंती पाठवा. हे गिटही टॉरवाल्ड्स यांनीच २००५ साली घडवले. हजारो माणसांनी एकाच बाडावर काम करूनही घोटाळा होऊ नये म्हणून ते फार उपयोगी आहे. पण मला त्यातले ओ की ठो कळेना. शेवटी पुण्यात नोकरी करणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने वही मागवून घेतली. त्याला गिट येत होते. परंतु ‘कडवळ’ म्हणजे काय, ते पुल्लिंगी की नपुंसकलिंगी, हे विचारायला त्याला रात्री आईला फोन करावा लागला! ज्यांना शब्द ठाऊक त्यांना वाट ठाऊक नाही, आणि ज्यांना वाट ठाऊक ते शब्दापासून दूर गेलेले. या दोघांच्या मधल्या जागेत भाषा सांडत राहते. उद्याची यंत्रे मराठी शिकतील ती वाट ओलांडून आत गेलेल्या मराठीवरूनच; बाहेर राहिलेले शब्द त्यांच्या दृष्टीने जन्मलेच नाहीत.

कुणी म्हणेल, कष्टावाचून काही मिळते का? बरोबर आहे. पण कष्ट दोन प्रकारचे असतात. शब्द सूचीत घालायचा तर त्याचे लिंग, त्याचे सामान्यरूप ठाऊक हवे. ‘घोडा’चे ‘घोड्याला’ होते हा नियम यंत्राला सांगावाच लागतो. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला भेद कळायला हवा, नाही तर गुरूच्या जागी स्वयंपाकी येऊन बसेल! ही कामाची कसोटी. ती कितीही कडक असो, तिच्याविषयी तक्रार नाही. उलट व्याकरण शिकवणारा कोणताही मास्तर तिला आनंदाने उतरेल. फांद्या काढणे आणि मिळवणे ही मात्र वाटेची अडचण. तिच्यात नापास झालेला माणूस कामात कच्चा असतोच असे नाही. कामाची कसोटी आणि वाटेची अडचण यांची गल्लत झाली की अन्याय होतो, आणि तो कुणी जाणूनबुजून केलेला नसल्याने दिसतही नाही.

पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्या बांधवांना खुले व्हावे म्हणून तेथे दहा दिवस उपोषण केले. तेथे मनाई होती आणि मनाई करणारी माणसे होती. आपल्या प्रश्नाची त्या प्रश्नाशी बरोबरी करणे हा त्या लढ्याचा अपमान होईल. येथे मनाई कुणाचीच नाही. तरीही मनाई नसणे म्हणजे प्रवेश असणे नव्हे, एवढे ध्यानात ठेवायला हरकत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उंबरठा उंच नसेल तर कुणीही येऊन नासधूस करील, असे म्हणतात. त्यासाठी २०२४ सालची ‘एक्सझेड’ची हकीकत पाहावी. जगभरच्या संगणकांत वापरल्या जाणाऱ्या या लहानशा साधनाचा भार मुख्यतः एकाच थकलेल्या स्वयंसेवकावर होता. ‘जिया टॅन’ या नावाने कुणी मदतीला आले, दोन वर्षांहून अधिक काळ उत्तम काम करून विश्वास मिळवला आणि मग आत चोरदरवाजा बसवला. संगणकात शिरताना अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा माग काढणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने मार्चअखेरीस तो उघडकीस आणला. त्या चोराने प्रत्येक तांत्रिक उंबरठा लीलया ओलांडला होता. उंच उंबरठ्यावरून चोर उडी मारून जातो. अडखळतो तो भला म्हातारा माणूस. राखण करायची तर डोळस सोबत्यांनी करावी. ते काम उंबरठ्याचे नव्हे.

शिस्त आणि मोकळेपणा एकत्र नांदू शकतात, हे आमच्या गावाला दर आषाढीत दिसते. माउलींची पालखी माळशिरसला मुक्कामाला येते. दिंड्यांना क्रमांक आहेत, चालण्याची जागा ठरलेली आहे, चोपदाराने दंड उंचावला की हजारो माणसे गप्प होतात. एवढी कडक शिस्त. पण नवख्याला कुणी मृदंगाची परीक्षा द्यायला लावीत नाही. त्याच्या हाती टाळ देतात आणि जाणत्याशेजारी उभे करतात. वीणा त्याला पहिल्या दिवशी मिळत नाही, आणि त्याचे त्याला वाईटही वाटत नाही.

संगणकाच्या जगातही असे टाळ आहेत. विकिपीडियावर पानातच मराठी लिहिण्याची सोय झाली. ‘ट्रान्सलेटविकी’वर मूळ वाक्य समोर येते, आपण खाली मराठी लिहायचे, ते बाडात नेण्याचे काम यंत्र करते. कुणाला तरी नवख्याची आठवण झाली म्हणूनच हे झाले.

म्हणून मला वाटते, नुसते दान करणाऱ्यावर कोणतेही ऋण नाही. तेथे म्हणच खरी. पण जो ‘या’ म्हणतो, त्याने पाहुणा कुठल्या वाटेने येणार हे पाहिले पाहिजे. सारे उंबरठे काढणे त्या शिणलेल्या माणसांना जमायचे नाही. निदान दाराशी एक माणूस उभा करावा, आपल्या भाषेत बोलणारा. आणि हा माणूस त्यांनीच का पाठवावा? दिवाळीला पुण्यामुंबईहून घरी आलेली, संगणक जाणणारी मुले आज घरोघरी आहेत. त्यांनी फराळाच्या ताटावर आजीजवळ बसावे, एक वही घ्यावी. शब्द तिने सांगावेत, वाट त्यांनी चालावी. माझ्या वहीतले अर्धेअधिक शब्द अजून आत जायचे आहेत. पण ‘कडवळ’ गेला आहे, नपुंसकलिंगी म्हणून, त्या आईच्या शब्दावर.