वाटेवरची पाटी कोणासाठी?

मनुष्य मेला म्हणजे देह जातो. पण त्याच्याविषयी लोक जे बोलतात ते मागे राहते. ते बोलणेच खोटे असले तर? मेलेल्याला काही उलटून बोलता येत नाही. मग त्याची बाजू कोणी मांडायची? सज्जनहो, धर्मविचारात हा प्रश्न लहान नव्हे. त्यासाठी एक दूरदेशीचा दृष्टांत घेऊ.

अमेरिकेतील टेक्सास राज्याचा पश्चिम भाग म्हणजे उजाड वाळवंट. मधून रिओ ग्रांदे नदी वाहते. अलीकडे अमेरिका, पलीकडे मेक्सिको. कोसच्या कोस माणूस दिसायचा नाही. पण रस्त्याच्या कडेला मध्येच एखादी पाटी उभी असते आणि येथे पूर्वी काय घडले ते सांगते. 1936 साली त्या राज्याच्या स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाली, तेव्हा गुलाबी ग्रॅनाइटचे असे पुष्कळ दगड बसविले. पुढे ओतीव धातूच्या पाट्या आल्या. आज साऱ्या राज्यात मिळून त्या 16,000 च्या वर आहेत.

त्यांतली एक पाटी मार्फा गावाच्या पश्चिमेला, हमरस्त्यावर आहे. ती पोर्वेनीर गावाची. पोर्वेनीर म्हणजे स्पॅनिश भाषेत भविष्यकाळ! नदीकाठची ही मेक्सिकन शेतकऱ्यांची लहानशी वस्ती. 1917 च्या नाताळात त्या मुलखातल्या ब्राइट नावाच्या मोठ्या गुरेवाल्याच्या वाडीवर दरोडा पडला आणि संशय या गरिबांवर आला. 28 जानेवारी 1918 रोजी पहाटेच्या अंधारात रेंजर, म्हणजे राज्याचे सशस्त्र शिपाई, काही गुरेवाल्यांना घेऊन वस्तीवर आले. लष्कराचे घोडेस्वारही बरोबर होते. 15 पुरुष व मुलगे वेगळे काढले आणि गोळ्या घालून मारले. बायकापोरांनी प्रेते नदीपार नेऊन मेक्सिकोत पुरली. गाव उठले ते उठलेच.

रेंजर म्हणाले, हे दरोडेखोर होते, गोळी आधी त्यांनीच झाडली. पण तिथल्या शाळेचे मास्तर हॅरी वॉरन यांनी मेलेल्यांची नावे लिहून ठेवली. चौकशी होऊन पाच रेंजर कामावरून काढले, कप्तानाने राजीनामा दिला. 1919 साली होसे कानालेस या आमदाराने विधिमंडळात रेंजरांच्या वर्तनाची चौकशी करविली. खटला मात्र एकावरही चालला नाही. पाटी लागली ती 2018 साली, शंभर वर्षांनी, आणि तीही वादावादी होऊन.

आता कोणी म्हणेल, "बुवा, मारणारे गेले, मरणारेही गेले. जुनी खपली कशाला काढायची? पाटीने का न्याय होतो?"

बरोबर आहे, पाटी कोणाला शिक्षा करीत नाही. पण त्या पंधरा जणांना दोनदा मारले, हे ध्यानात घ्या. एकदा बंदुकीने, आणि दुसऱ्यांदा 'दरोडेखोर' या शब्दाने. पहिले मरण ब्रह्मदेवालाही फिरविता येत नाही. दुसरे माणसाला फिरविता येते. शब्दाने केलेली हत्या शब्दानेच निस्तरावी लागते. आणि खपलीचे म्हणाल, तर जखम बरी झाली हे ज्याची जखम त्याने सांगावे. मारणाऱ्याच्या बाजूच्याने ते सांगणे ही क्षमा नव्हे, ती सोय होय.

दुसरी शंका अशी, की हत्या झाली एकीकडे, हाडे पडली नदीपलीकडे, आणि पाटी तिसरीकडेच, कित्येक मैल दूर. हे कसे? अहो, साक्ष जेथे ऐकणारा असेल तेथेच द्यायची असते. आडरानात पाटी लावली तर वाचणार कोण? मात्र हमरस्त्यावरही मोटार थांबवून उतरणारा भेटला तरच ती बोलते. पाटीचे निम्मे काम वाटसरूचे आहे.

जिंकणाऱ्याचा दगड लवकर बसतो, मारल्या गेलेल्याचा उशिरा. मधली शंभर वर्षे सत्य कोणी सांभाळले? ज्यांनी नावे विसरू दिली नाहीत त्यांनी. नावाचे मोल आपणांस मी काय सांगावे! मास्तरांच्या हाती ना सत्ता होती ना बंदूक. नावे लिहिणे तेवढे हाती होते, ते त्यांनी केले.

तेव्हा आपल्या देखत कोणावर खोटा आळ येत असेल, तर पुढे कोणी पाटी लावील म्हणून गप्प बसू नये. खरे ठाऊक आहे त्याने त्याच दिवशी बोलावे. मेलेल्याचे ऋण फेडायला उशीर झाला तरी फेडावेच. पण जिवंत माणसाचे ऋण उद्यावर टाकू नये. अधिक काय लिहावे?