कमावलेलं शरीर, रचलेली गोष्ट

शरीरसौष्ठव स्पर्धेच्या दिवशी खेळाडू वजन उचलत नाही, धावत नाही, प्रतिस्पर्ध्याला बोटही लावत नाही. वर्षानुवर्षं गाळलेल्या घामाचं फळ तो काही मिनिटं पोझ देऊन दाखवतो, पंच बघतात, निकाल लागतो. अशा खेळावर माहितीपट काढायचा, तर कॅमेरा रोखायचा कशावर? जॉर्ज बटलर आणि रॉबर्ट फिओरे यांच्या ‘पम्पिंग आयर्न’पुढे (१९७७) ही अडचण होती. दक्षिण आफ्रिकेत प्रिटोरियाला १९७५ साली झालेल्या मिस्टर युनिव्हर्स आणि मिस्टर ऑलिंपिया या स्पर्धा हा त्याचा विषय.

उत्तर त्यांना मंचाबाहेर सापडलं. कॅलिफोर्नियात गोल्ड्स जिममध्ये मित्रांच्या गराड्यात हसतखेळत व्यायाम करणारा अर्नोल्ड श्वार्झनेगर. आणि इकडे न्यूयॉर्कला, ब्रुकलिनच्या एका अंधाऱ्या, छोट्या जिममध्ये लू फेरिग्नो. लहानपणीच्या कानाच्या आजाराने लूची ऐकण्याची शक्ती बरीचशी गेलेली. त्याचे वडील, निवृत्त पोलीस, शेजारी उभे राहून ओरडून त्याच्याकडून एकेक रेप (वजनाची एकेक उचल) काढून घेतात. स्पर्धेच्या दिवशी सकाळी लू आईवडिलांबरोबर न्याहारीला बसलेला असताना अर्नोल्ड येऊन गप्पा मारतो आणि सहज सांगतो, मी जिंकलो असं आईला फोन करून कळवूनही टाकलंय. लू हसतो. ते कसनुसं हसू पाहिलं की निकाल तिथेच लागल्यासारखा वाटतो. लू आपल्या वजनगटात तिसरा आला, सर्ज नुब्रे दुसरा, आणि अर्नोल्डने सलग सहाव्यांदा ऑलिंपिया जिंकली.

हे सगळं खरं. पण तालमीसाठी आपण वडिलांच्या अंत्यसंस्कारालाही गेलो नाही, असं अर्नोल्ड पडद्यावर थंडपणे सांगतो, तो किस्सा दुसऱ्याच एका शरीरसौष्ठवपटूचा होता, हे त्याने पुढे कबूल केलं. मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेतल्या माइक कॅट्झचा टी-शर्ट लपवायचा बेत त्याचा प्रतिस्पर्धी केन वॉलर मित्रांना सांगतो, ते दृश्य तर स्पर्धा उरकल्यावर चित्रित केलेलं. मला या दोन्हींत फरक वाटतो. अर्नोल्डने स्वतःची प्रतिमा स्वतः काळी केली. कॅट्झची गोष्ट वेगळी आहे. पहिल्या तिघांतही न आलेल्या त्या माणसाचा सावरू पाहणारा चेहरा खरा होता, आणि त्याच्या दुःखाचं कारण म्हणून टी-शर्टची एक खोटी जोडणी आपल्या गळी उतरवली गेली. नाट्य वाढलं, पण त्या चेहऱ्यावर अन्याय झाला.

मग वाटतं, निदान शरीरं तरी खरी आहेत. दंडाचा एक स्नायूही संकलनाच्या टेबलावर वाढवता येत नाही. पण स्टेरॉइडचा चित्रपटात उल्लेखच नाही. तेव्हा त्यांच्यावर बंदी नव्हती आणि त्या काळात आपण ती घेत होतो, हे अर्नोल्डने नंतर उघडपणे सांगितलं. म्हणजे जो देह आपण निव्वळ कष्टाचा म्हणून डोळे विस्फारून बघतो, त्याच्या घडणीतलाही एक भाग पडद्याआडच राहतो. दिग्दर्शकांनी केलं तेच खेळाडूंनीही केलं: फळ दाखवलं, ते कसं आलं हे सोयीपुरतंच सांगितलं. कष्ट कमी होते असं मी अजिबात म्हणत नाही. बाकावर आडवं पडून शेवटच्या रेपला थरथरणारे हात कुठल्याही औषधाने आयते मिळत नाहीत. म्हणून तर ही लपवाछपवी जास्त खुपते.

आणि सगळ्यात मोठं मौन प्रिटोरियाबद्दलचं. १९७५ सालची दक्षिण आफ्रिका, वर्णभेद हाच तिथला कायदा, आणि मंचावर ग्वादलुपचा कृष्णवर्णीय सर्ज नुब्रे, अर्नोल्डचा सर्वांत जवळचा प्रतिस्पर्धी. या शहरात तो कसा वावरला, कुठे जेवला, रस्त्यावर त्याला कुणी कसं वागवलं? कॅमेरा तिथेच होता. टी-शर्टचं भांडण रचण्याआधी नुब्रेला एवढं विचारलं असतं, तरी प्रिटोरियाचा तो मंच कसल्या जमिनीवर उभा होता हे प्रेक्षकाला दिसलं असतं.