शेवाळ पुन्हा का येते?



ज्यांच्या घरी माशांची काचपेटी आहे त्यांना हा त्रास ठाऊक आहे. काचेवर हिरवे शेवाळ धरते. आपण ते घासून काढतो, पाणी बदलतो. आठ-दहा दिवसांत काच पुन्हा हिरवी! वैतागून औषध टाकले, तर मेलेले शेवाळ पाण्यातच कुजते, प्राणवायू कमी पडून मासे गुदमरतात आणि त्या कुजण्यातूनच नव्या शेवाळाला खत मिळते. मूळ कारण आपल्याच हातात असते. प्रेमापोटी आपण चिमूटभर खाद्य जास्त टाकतो. उरलेले तळाशी साचते. त्यातून सुटणारे नायट्रेट आणि फॉस्फेट हेच शेवाळाचे अन्न.

जे पेटीत घडते, तेच उजनीत. भीमेवर १९८० साली पूर्ण झालेले हे धरण आपल्या सोलापूरची तहान भागवते. उन्हाळ्यात त्याचे पाणी हिरवे दिसू लागले की आपण पुण्याकडे बोट दाखवतो. ते खोटे नाही. मुळा-मुठा, पवना, इंद्रायणी यांतून शहरांचे सांडपाणी भीमेत येते. पण आपल्या मोरीतले साबणाचे पाणी कुठे जाते? नाल्यातून सीनेत, सीनेतून कुडलच्या संगमावर भीमेत आणि पुढे कर्नाटकातल्या कोणाच्या तरी दारी. वरच्यांनी आपल्याला दिले, तेच आपण खालच्यांना देतो.

संत लूकच्या शुभवर्तमानात (११:२४-२६) प्रभू येशू एका घराची गोष्ट सांगतो. अशुद्ध आत्मा निघून गेला, घर झाडून नीटनेटके झाले. पण तो सात सोबती घेऊन परतला आणि त्या माणसाची स्थिती पहिल्यापेक्षा वाईट झाली.

आपण दर प्रायश्चित्तकाळात पापनिवेदन करतो आणि पुढच्या वर्षी तेच पाप पुन्हा सांगतो. क्षमा खरीच मिळालेली असते. पण भावाशी अबोला धरल्याची कबुली देऊन आपण संध्याकाळी त्याच कट्ट्यावर बसतो, जिथे त्याची निंदा चालते. दारू सोडल्याचा शब्द देतो आणि पगाराच्या दिवशी त्याच मित्रांबरोबर निघतो. काच पुसली, खाद्य चालूच राहिले.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवू या. सांडपाणी थांबले तरी तळ्याच्या गाळात साचलेला फॉस्फरस कित्येक वर्षे पाण्यात सुटत राहतो. म्हणून आपण सुधारू लागलो आणि जुनी सवय पुन्हा डोके वर काढू लागली, तर निराश होऊ नये. पुन्हा पुसावे, पुन्हा पापनिवेदनाला यावे. फक्त नवे खत घालू नये.

या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एकत्र बसून एकच प्रश्न विचारावा: आपल्या घरातल्या भांडणाला रोज खाद्य कोण घालते? उत्तर देताना बोट आधी स्वतःकडे वळवावे. आणि कपडे धुताना पावडरही मापानेच घ्यावी. खालच्या गावचा शेजारी तेच पाणी पितो.

हे प्रभो, आमचे अंतःकरण धुऊन शुद्ध कर आणि जे थांबवायला हवे ते थांबवण्याचे बळ आम्हांला दे. आमेन.