न दुखणारी जखम



ऊसतोडणीचा हंगाम आला की शिरूर आणि दौंड तालुक्यांत घोड नदीच्या आणि भीमेच्या काठी तोडणी कामगारांच्या कोप्या उभ्या राहतात. तोडलेल्या रानातून चालताना उसाचे बुडखे पायाला लागतात, हे इथे लहान पोरालाही ठाऊक आहे. मागच्या हंगामात असाच एक बुडखा आमच्या उजव्या तळव्यात घुसला. आम्हांला मधुमेह आहे. पाय दुखला नाही, म्हणून हळद दाबली आणि विसरून गेलो. दहा-बारा दिवसांनी चपलेत ओल दिसली, तेव्हा घरच्यांनी दवाखान्यात नेले आणि तेथून पुण्याला पायाच्या डॉक्टरांकडे. त्यांना पोडियाट्रिस्ट म्हणतात. आपल्याकडे हा शब्द फारसा कानावर येत नाही.

डॉक्टरांनी नायलॉनचा बारीक धागा तळव्याला दहा ठिकाणी टेकवला. आम्हांला चारच ठिकाणी कळले. ते म्हणाले, “काका, जखम मोठी नाही. ती तुम्हांला कळली नाही, ही काळजीची गोष्ट आहे.” त्यांनी मेलेली कातडी काढली, त्या जागेवर भार पडू नये अशी सोय केली आणि शिस्त लावली. अनवाणी चालायचे नाही. चपलेत हात फिरवून मगच पाय घालायचा. रोज रात्री आरशात तळवा पाहायचा. तीन महिन्यांनी जखम भरली.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटे रोगानेच झडतात, असा तेव्हा समज होता. नसा बधिर झाल्याने भाजलेले, टोचलेले कळत नाही आणि न कळलेल्या जखमाच बोटे नेतात, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणून ते वेदनेला देणगी म्हणत. मधुमेहाच्या पायाचेही तसेच आहे. सर्वच वेदना चांगल्या, असे आम्ही म्हणत नाही. जिच्यावर इलाज आहे ती सोसत बसण्यात पुण्य नाही. पण वेदनेची जाणीवच गेली तर इलाजाला सुरुवात कोठून करायची?

घरी पडून असताना एक गोष्ट मनातून जाईना. त्याच आठवड्यात आमच्याच रानात ऊस तोडणाऱ्या एका बाईच्या पायाला चिंधी बांधलेली होती. चिंधीवर रक्त होते. तिला दुखत होते, पण खाडा झाला तर पैसे कापले जातात, म्हणून ती मोळ्या वाहत राहिली. आम्ही ती चिंधी पाहिली आणि मुकादमाला विचारले, “आज किती टन भरले?” बुडखा तोच, रान तेच. आमच्यासाठी पुण्याचे डॉक्टर. तिच्यासाठी साधा प्रश्नही नाही. मग बधिर कोण होते? आमचा पाय नंतर बधिर निघाला. मन त्याच्या आधीच बधिर झाले होते.

संत पौलाने विश्वासणाऱ्यांना एका शरीराची उपमा दिली. शरीराच्या एका भागाचे दुखणे दुसऱ्याला कळेनासे झाले, तर ती शांती नव्हे, तो आजार आहे. दुसऱ्याचे पाय हाती घेणे आपल्या भागाला नवे नाही. तुकाराम महाराजांची पालखी यवत, वरवंडला येते तेव्हा लोक वारकऱ्यांचे पाय चेपतात, फोडांना मलम लावतात. मग कोपीतल्या पायांनाच आपण का विसरतो?

पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी आपण दर वर्षी पाहतो. पाय धुणाऱ्याला खाली वाकावे लागते, तळवा पाहावा लागतो. यंदा टोळी आली की टनाचा हिशेब नंतर विचारू. आधी कोणाच्या पायाला काही लागले आहे का, ते विचारू. गरज असेल तर आपल्याच गाडीतून दवाखान्यात नेऊ आणि त्या दिवसाचा खाडा आपण भरून देऊ.

आमचा तळवा अजून पुरता जागा झालेला नाही. डॉक्टर म्हणतात, तो कदाचित होणारही नाही. म्हणून रोज रात्री आम्ही आरसा हातात घेतो. मनासाठीही असाच एखादा आरसा रोज हाती घ्यावा लागेल.